लाइट निर्दोष आहे

किन्हवलीकडे कुठलीही वस्तू बिघडली की पहिला आळ लाइटवर येतो. पंप जळाला, लाइट. फ्रीजमधलं दूध नासलं, लाइट. पोरगं दहावीला गचकलं, तर ऐन अभ्यासाच्या वेळी लाइट नव्हती. हळदीच्या रात्री डीजे मध्येच गप्प झाला, गिरणीत दळण अडकलं, बँकेतून "सिस्टिम बंद आहे" ऐकून परत यावं लागलं, सगळ्याला आरोपी एकच. आणि बहुतेक वेळा आरोप खरा निघतो. त्यामुळे उरलेल्या वेळी चौकशी करायची कुणाला गरज वाटत नाही.

तसा आमचा शहापूर तालुका विजेच्या नि पाण्याच्या बाबतीत गरीब नाही. भातसा धरणाच्या पायथ्याशी 15 मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. तानसाचं धरण 1892 मध्ये पुरं झालं, तेव्हापासून इथलं पाणी मुंबईला जातंय, आणि आज मुंबई जेवढं पाणी पिते त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं असतं. दोन्ही गोष्टी इथूनच निघतात. फक्त निघतात, थांबत नाहीत.

अशा मुलखात मी एक नवा लॅपटॉप घेतला, आणि तो आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायला लागला. पुढचं सगळं रामायण याच एका वाक्याचं आहे.

लॅपटॉप का घेतला ते आधी सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. म्हणजे माहिती भरून जो वेळ उरतो त्यात मुलांना शिकवते. यू-डायस प्लस, आधार पडताळणी, अपार आयडी, पोषण आहाराची रोजची नोंद, वर्गखोल्या किती, त्यातल्या पक्क्या किती, रॅम्प आहे का, रॅम्पला कठडा आहे का. ग्रुपवर निरोप पडतो, "अत्यंत तातडीचे, आज दुपारी 2 वाजेपर्यंत." निरोप पडतो पावणेदोनला. हे सगळं मी इतकी वर्षं मोबाइलवर अंगठ्याने करत आले. अंगठे बहाद्दर ही पदवी पूर्वी ज्यांना होती त्यांनी निदान एकच अंगठा वापरला होता.

म्हणून गुढीपाडव्याला कल्याणला जाऊन लॅपटॉप आणला. दुकानदार सज्जन वाटला. पैसे देताना म्हणाला, "मॅडम, थोडे वाढवा, आठची रॅम सोळा करून देतो. पळेल नुसता." मी वाढवले. आत नेऊन त्याने काहीतरी केलं आणि चहा संपायच्या आत लॅपटॉप पुन्हा माझ्या हातात दिला. हा चहा लक्षात ठेवा.

घरी पूजा झाली. सासूबाईंनी झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते मी सहन केलं. मग झाकण उघडून कीबोर्डवर अक्षता टाकल्या, तेव्हा मात्र मी ओरडले. तोवर एक तांदूळ एन्टरच्या खाली गेला होता. तो अजून तिथेच आहे. एन्टर दाबलं की किंचित करकरतं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी कॉटवर बसून मी यू-डायसमध्ये शाळेची साधनं भरत होते. त्यात एक रकाना आहे, लॅपटॉप किती उपलब्ध आणि त्यापैकी चालू स्थितीत किती. शाळेचा आकडा मी टाकला, मांडी बदलली, आणि पडदा काळा झाला. कंपनीचं चिन्ह उगवलं. गोल गोल टिपके फिरले. मग लॅपटॉपने, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने, मला पासवर्ड विचारला.

"लाइट," मिस्टर आतल्या खोलीतून म्हणाले. त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "अपडेट घेत असेल मॅडम. घेऊ द्या." विंडोज अपडेट घेते आणि त्यासाठी स्वतःला बंद-चालू करते हे खरंच आहे. पण त्याआधी ती तसं सांगते, आणि कामाचे तास ठरवून दिले तर त्या वेळात गप्प बसते. मी ते तास ठरवून दिले. सकाळी सात ते रात्री अकरा. शिक्षिकेचे कामाचे तास लिहून घेणारं पहिलं कुणीतरी भेटलं याचंच मला अप्रूप. लॅपटॉप त्याच संध्याकाळी साडेसातला पुन्हा पडला.

मग वायरमनला बोलावणं गेलं. वायरमन हा आमच्याकडे तलाठ्याच्या वरचा माणूस. तो आला की घरातली माणसं आपोआप उभी राहतात. त्याने होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब बोर्डात खुपसला, बल्बकडे बराच वेळ पाहिलं आणि निदान केलं.

"दाब कमी-जास्त होतोय. डीपीवर लोड वाढलाय, उन्हाळ्यात घरोघरी कूलर. त्यात न्यूट्रल लूज असणार. मॅडम, घराला अर्थिंग हाय का?"

घराला अर्थिंग म्हणून एक हिरवी वायर होती. ती बोर्डातून निघून भिंतीत शिरत होती. पुढे ती कुठे जाते हे घर बांधणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो आता नाशकाला असतो.

मी चाळिशीचा चष्मा लावून चार्जर आणला आणि त्यावरची बारीक अक्षरं वायरमनला वाचून दाखवली. "इनपुट 100 ते 240 व्होल्ट." म्हटलं, भाऊ, आपल्याकडे 230 यायला हवेत. ते घसरून दीडशे झाले तरी या चार्जरला फरक पडत नाही, तो आत आपला वीसेक व्होल्टचाच पुरवठा करणार. आणि वर लॅपटॉपच्या पोटात बॅटरी आहे. लाइट गेली तर पंखा बंद पडेल, फ्रीज बंद पडेल, टीव्ही बंद पडेल. या घरात लाइट गेल्याचं ज्याला कळणारही नाही अशी वस्तू एकच आहे, ती ही.

वायरमनने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते कंपनी लिहिते मॅडम. दुधाच्या पिशवीवरपण फुल क्रीम लिहिलेलं असतं."

मोरीमागे खड्डा खणला गेला. त्यात पाइप उभा केला, कोळसा घातला, मिठाच्या पिशव्या ओतल्या. वर वायरमनने पथ्य सांगितलं, "रोज एक बादली पाणी घालायचं. माती सुकली की अर्थिंग पकडत नाय." यात शास्त्र आहे हे मलाही माहीत आहे, ओल्या मातीतून वीज चांगली उतरते. पण महिना चैत्राचा. विहिरीने तळ दाखवलेला, वरच्या पाड्यांवर टँकर सुरू झालेले. भातसाचं पाणी मुंबईला आणि आमच्या वाट्याचं अर्थिंगला. शेवटी सासूबाईंनी तोड काढली, की कपडे खंगाळलेलं पाणी ओतायचं. तेव्हापासून आमची जमीन साबणाची आहे. लॅपटॉप पडतच राहिला.

सासूबाईंचं निदान पहिल्या दिवसापासून तयार होतं, त्या फक्त विज्ञान हरायची वाट बघत होत्या. "समोरची पाहून गेली पाडव्याला. कितीला घेतला विचारलंन." मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या, चुलीत तडतडल्या. मिरच्यांचा ठसका बसला नाही, म्हणजे दृष्ट मोठी होती. चार्जरच्या वायरीला काळा दोरा बांधला. शाळेत तो दोरा पाहून चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, त्याला पन बरं नाय?"

जाऊबाईंचा मुलगा अकरावीला आहे. त्याचं म्हणणं, "काकू, हीट होतोय." ही शंका रास्त होती. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की जळून जाण्याऐवजी मशीन स्वतःला बंद करतं, तशी सोयच असते, आणि आमच्याकडचं वैशाखातलं ऊन पत्र्याखाली बसून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून लॅपटॉपखाली दोन बाजूंना दोन फुटपट्ट्या आणि समोर टेबलफॅन अशी व्यवस्था झाली. घरातली माणसं वहीने वारा घेत बसली. फुटपट्ट्यांवर ठेवलेला असेपर्यंत लॅपटॉप एकदाही पडला नाही. सगळे खूश. मग मी तो उचलून कॉटवर घेतला आणि तो पडला. थंडगार होता.

मात्र पुतण्याने एक काम मोलाचं केलं. कुठल्याशा व्हिडिओत पाहून त्याने सेटिंगमधली एक खूण काढून टाकली. विंडोज पडली की लगेच उठून बसते, त्यामुळे ती का पडली हे वाचायला मिळत नाही. ती खूण काढली की पडल्यावर तशीच पडून राहते. आता तो निळ्या पडद्याची वाट बघायला लागला. विंडोजचा निळा पडदा जगप्रसिद्ध. 2012 पासून त्यावर रडका चेहराही असायचा. 19 जुलै 2024 ला एका सुरक्षा-प्रणालीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख संगणक एकदम निळे पडले आणि विमानतळांवर माणसं हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन फिरली. हे सगळं पुतण्याने मला पडद्याकडे टक लावून सांगितलं. आणि आमचा पडला तो काळा. 2025 पासून मायक्रोसॉफ्टने निळ्याचा काळा केला म्हणे, रडका चेहराही काढला. पुतण्या इतका हिरमुसला की त्याला समजूत घालावी लागली.

काळ्या पडद्यावर एक ओळ होती, तिचा सूर "मेमरी मॅनेजमेंट"चा. मी सासूबाईंना सांगितलं, याच्या स्मरणशक्तीत घोटाळा आहे. त्या म्हणाल्या, "इतका नवा आन् आतापास्नंच?"

पुतण्याने आणखी खोलात जाऊन मशीनची रोजनिशी उघडली. प्रत्येक पडण्याच्या वेळी तिथे एक लाल नोंद होती, "कर्नल-पॉवर, 41." मिस्टर एरवी इंग्रजी वाचायच्या भानगडीत पडत नाहीत. पण "पॉवर" एवढं त्यांनी लांबून वाचलं आणि जवळ आले.

"वाच. वाच मोठ्याने. पॉवर. कंपनीच सांगतेय."

त्यांना मी नाना परीने सांगितलं. 41 नंबरच्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मशीन जागं झालं तेव्हा त्याला कळलं, आपण नीट न झोपताच उठलोय. का, ते त्याला माहीत नाही. मयत इसम मयत स्थितीत मिळून आला, असा पंचनामा असतो, तसलं हे आहे. पंचनाम्यावरून खुनी सापडत नाही. पण "पॉवर" हा शब्द त्या दिवसापासून आमच्या घरात पुरावा म्हणून दाखल झाला.

रात्री झोप येईना म्हणून मी मोबाइलवर वाचत बसले. जगात आमच्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत. बेल्जियममध्ये, ब्रुसेल्समधल्या स्कारबेक भागात, 18 मे 2003 च्या निवडणुकीत एका उमेदवाराला 4096 मतं जादा पडली. तिला इतकी मतं मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून मोजणी पुन्हा झाली. मशीन तपासलं तर ठणठणीत. 4096 हा आकडा संगणकाच्या हिशेबातला एकच बिट, म्हणजे शून्य-एकचा अंक, उलटा झाला की येतो. तो कशाने उलटा झाला, तर अंतराळातून आलेल्या एखाद्या कणाने असावा, असा तज्ज्ञांचा कयास. सकाळी मी हे घरात सांगून बसले. सासूबाईंनी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली. "मी वेगळं काय म्हणत होते? दृष्ट ती दृष्ट. समोरची नसंल, वरची."

मी विषय बदलायला बोइंगचं सांगितलं. बोइंग 787 हे विमान 248 दिवस एकदाही बंद न करता चालू ठेवलं, तर त्यातल्या जनरेटरच्या संगणकांचा आकडा भरून वाहतो आणि सगळे जनरेटर एकदम बंद पडू शकतात, असं 2015 मध्ये अमेरिकेच्या विमान-प्रशासनाने जाहीर केलं. उपाय म्हणून त्यांनी काय फर्मावलं, तर अधूनमधून विमान बंद करून चालू करा.

मिस्टरांचा घास हातातच राहिला. "म्हणजे विमानाचीपण लाइट जाते!"

मी यापुढे वाचायचं सोडून दिलं.

आता दुरुस्तीला कुठे न्यायचा, यावर घरात दोन फळ्या पडल्या. किन्हवली शहापूर तालुक्यात, पण सरळगाववरून मुरबाडही काही लांब नाही. त्यामुळे इथल्या घरोघरी दोन पक्ष असतात. मिस्टर शहापूरचे अभिमानी. सासूबाईंचं माहेर मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजूला.

"कॉम्प्युटरचं काम शहापूरलाच," मिस्टर म्हणाले. "डिजिटल शाळा म्हणून देशभर गाजली ती कुठली? पष्टेपाडा. संदीप गुंड गुरुजींनी पाड्यावरच्या पोरांच्या हातात टॅब दिले. मुरबाडकरांनी काय केलं?"

"धसई कॅशलेस केली," सासूबाई म्हणाल्या. "महाराष्ट्रात पहिलं गाव. अर्थमंत्री आले होते, मुनगंटीवार. 2016 चा डिसेंबर, एक तारीख. माझ्या भावाने पाहिलेत."

"एक झालं."

"आणि फांगण्याची आजीबाईंची शाळा? त्याच वर्षी, महिला दिनाला. गुलाबी नऊवार नेसून, दप्तर घेऊन म्हाताऱ्या शाळेत गेल्या. टीव्हीवर दाखवलं. तुमच्या शहापुरात म्हाताऱ्यांना कोण विचारतं?"

हे शेवटचं वाक्य शाळेबद्दल नव्हतं. मिस्टरांनी ते ओळखलं आणि घाईने रेल्वेवर आले. आमच्याकडे आसनगाव स्टेशन आहे, तुमच्या मुरबाडच्या रेल्वेच्या बातम्या मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून वाचतोय, वगैरे. मला राहून राहून वाटत होतं की फांगण्याच्या आज्यांच्या हातात ती शाळा काढणाऱ्या बांगर गुरुजींनी साधी पाटी दिली, आणि ती पाटी एकदाही आपोआप रीस्टार्ट झाली नाही. पण तेव्हा माझं कुणी ऐकत नव्हतं.

वॉरंटीने वाद मिटवला. वॉरंटीचं काम कल्याणलाच व्हायचं होतं. एसटीने शहापूर, शेअर रिक्षाने आसनगाव, लोकलने कल्याण. लॅपटॉप मी मांडीवर, पिशवी पोटाशी धरून नेला. सर्व्हिस सेंटरमध्ये एसी, काचा, टोकन. गळ्यात पट्टा घातलेल्या मुलाने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि त्यावर एक लांबलचक व्हिडिओ लावून दिला. दुपार गेली. लॅपटॉप ढिम्म हलला नाही. व्हिडिओत समुद्रातले मासे इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरतो, तो अनुभव ज्या आईला आहे तिलाच माझी अवस्था कळेल. मला चक्क त्याने पडावं असं वाटत होतं.

"काही इश्यू नाही मॅडम. ओके आहे."

"घरी पडतो हो."

"घर कुठे तुमचं?"

सांगितलं. मुलगा सहानुभूतीने हसला. "मग तिकडे लाइटचा प्रॉब्लेम असेल."

मिस्टर खुर्चीत ताठ बसले. एसीत बसलेल्या माणसाने, गळ्यात पट्टा असलेल्या, विनाकारण, कुणी न विचारता. परतीच्या लोकलमध्ये टिटवाळ्यापासून वासिंदपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजच उरली नव्हती. घरी आल्यावर मी लॅपटॉप कॉटवर ठेवला, उघडला, आणि तो पडला.

तेव्हा मी माझ्या धंद्यातलं शस्त्र काढलं. रजिस्टर. आडव्या रेघांची वही घेतली, पट्टीने उभे रकाने मारले. दिनांक, वेळ, लाइट आहे/नाही, चार्जर लावलेला/नाही, लॅपटॉप कुठे ठेवलेला, कोण वापरत होतं, शेरा. घरातल्या सगळ्यांना सक्ती केली. सासूबाईंनीही एकदा "शेरा"मध्ये "समोरची आली होती" असं लिहून घ्यायला लावलं. शाळेतही नोंदी केल्या. आठवडा संपला तेव्हा वहीत मजा दिसायला लागली. शाळेच्या टेबलावर एकदाही नाही. ओट्यावर नाही. फुटपट्ट्यांवर नाही. मांडीवर, होय. कॉटवर, होय, होय. पुतण्या एका कोपऱ्याला धरून उचलतो तेव्हा हमखास. लाइटच्या रकान्यात "आहे" आणि "नाही" दोन्ही सारखेच होते. मी ते मिस्टरांपुढे धरलं. ते म्हणाले, "नाही असताना येऊन गेली असेल."

किन्हवलीच्या बाजारात एक झेरॉक्सचं दुकान आहे. तिथला पोरगा झेरॉक्स काढतो, फोटो काढतो, सातबारा काढून देतो, मोबाइलच्या काचा बदलतो. मी त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि निदानांची यादी सुरू केली. अपडेट, लाइट, अर्थिंग, हीट. त्याने हात वर केला.

"मॅडम, का होतं ते राहू द्या. कधी होतं ते सांगा."

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी त्याच्यापुढे रजिस्टर ठेवलं. त्याने ते वाचलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, रकान्यावर बोट फिरवत, समोरच्या बाईसकट. नोकरीत आजवर मी इतकी माहिती भरली, पण ती कुणी वाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझे डोळे भरून आले असते, पण मागे रेशन कार्डाच्या झेरॉक्सला रांग होती.

"आत काहीतरी हलतंय. पाठ वाकली की सुटतंय," तो म्हणाला. "कंपनीने दिल्यानंतर आत कुणी हात घातलाय का?"

आणि मला तो चहा आठवला.

त्याने बारीक स्क्रूड्रायव्हरने स्क्रू काढले, ते पेपरवर ज्या जागचे त्या क्रमाने मांडले, आणि जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने झाकण सोडवलं. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, बोटाच्या लांबीच्या. एक कंपनीची, सपाट बसलेली. दुसरी दुकानदाराने चहाच्या अवधीत घातलेली. तिची एक बाजू क्लिपमध्ये नीट अडकलेलीच नव्हती, किंचित वर होती. अशा पट्टीला 260 सोनेरी टोकं असतात, आणि मशीन चालू असताना जे काही काम हातात असतं ते सगळं या पट्ट्यांत असतं. त्यातलं एखादं टोक क्षणभर सुटलं की आतलं सगळं चुकतं. मग चुकीची माहिती जपून ठेवण्यापेक्षा विंडोज स्वतःहून खाली पडते. मला तर हे फारच सुसंस्कृत वाटलं. आमच्या खात्यात असं कुणी करत नाही.

"खोडरबर हाय का मॅडम?"

शिक्षिकेच्या पर्समध्ये खोडरबर नसेल तर काय असेल? वर्गात जप्त केलेले पाच-सहा निघाले. एक फुटबॉलच्या आकाराचा, एक स्ट्रॉबेरीच्या वासाचा, एक अर्धा खाल्लेला. त्याने वासाचे बाजूला सारले, ते तेलकट असतात म्हणाला, आणि साधा पांढरा घेतला. पट्टी काढली, सोनेरी टोकांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवला, दोन्ही बाजूंनी, एकाच दिशेने. पहिलीतल्या मुलांना मी हेच शिकवते, पुढेमागे घासू नका, पान फाटतं. ब्रशने भुसा झाडला. पट्टी तिरकी घालून वरून दाबली. टक्. दुसरीही काढून पुन्हा बसवली. टक्. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या मॅडम. चौथीला तुमच्याच हाताखाली होतो." मी त्याला ओळखलं नव्हतं. त्याचं अक्षर दाखवलं असतं तर ओळखलं असतं.

"आज रात्रभर मेमरीची टेस्ट लावून ठेवा," एवढं त्याने सांगितलं. विंडोजमध्ये तशी सोय असते, मशीन पुन्हा चालू होताना रॅमचा कोपरा न् कोपरा लिहून-वाचून तपासतं. मी ती रात्री जेवणानंतर लावली आणि मुद्दाम कॉटवरच, उशीला टेकवून ठेवली. टक्के हळूहळू चढत होते. मिस्टर अंथरुणावर कुशीवर वळून बघत होते. अकराच्या सुमारास पंखा हळू झाला, थांबला, आणि गावातले सगळे दिवे गेले. कुत्रीसुद्धा क्षणभर गप्प झाली. त्या मिट्ट काळोखात आमच्या घरात एकच उजेड होता, लॅपटॉपचा. टक्के चढतच होते.

अनेक दिवसांचा सूड एका वाक्यात घ्यायची संधी होती. मी ती सोडली नाही. "बघा," म्हटलं, "लाइट गेली. अख्ख्या गावाची गेली. आणि हा चालू आहे. एक सेकंदसुद्धा पडला नाही."

मिस्टर बराच वेळ त्या उजेडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणूनच चालतोय. लाइट असती तर पडला असता."

टेस्टमध्ये एकही चूक निघाली नाही. त्यानंतर लॅपटॉप मांडीवर, कॉटवर, एसटीच्या मागच्या सीटवरसुद्धा चालला. यू-डायसचा तो रकाना मी पुन्हा भरला, एन्टर दाबलं, तांदूळ करकरला, माहिती गेली. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "बघा, मी म्हटलं होतं ना, अपडेट झालं की नीट होईल." सासूबाईंनी चार्जरचा दोरा सोडू दिलेला नाही. समोरची हल्ली दारावरून जाताना मान खाली घालते असं त्यांचं निरीक्षण आहे. पुतण्याने फुटपट्ट्या परत दिलेल्या नाहीत.

वायरमनची मात्र भरभराट आहे. परवा उपसरपंचांच्या परसात खड्डा खणताना दिसला. शेजारी मिठाच्या पिशव्या, कोळशाचं पोतं. त्यांच्याकडे लॅपटॉप नाही. मी थांबून विचारलं, काय झालं म्हणून. उपसरपंचीणबाई म्हणाल्या, "डिशवर मालिका अडकते हो मध्येच. त्यांनी सांगितलं, मॅडमचा लॅपटॉप अर्थिंगनेच राहिला."